खालून थंड रेडिएटर: ऑल्बोर्गहून

डेन्मार्कच्या उत्तर भागात लिमफ्योर्ड या खाडीच्या काठी ऑल्बोर्ग शहर आहे. तिथल्या विद्यापीठात मी ऊर्जा अभियांत्रिकीत मास्टर्स करते आहे. घरच्यांना या शहराची ओळख करून द्यायला मला फार बोलावं लागलं नाही. इथे सिमेंटचा कारखाना आहे, आणि मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या गडचांदूरची. कोरपना-राजुरा भागात चुनखडीच्या खाणी आणि सिमेंटची धुराडी बघतच आम्ही मोठे झालो. बाबांची सगळी नोकरी किल्नवर, म्हणजे सिमेंटच्या भट्टीवर गेली.

इथला कारखाना १८८९ पासूनचा. शहराच्या पूर्वेला चॉकची, म्हणजे मऊ चुनखडीची, मोठी खाण आहे, त्यातूनच कच्चा माल येतो. पांढरं सिमेंट इथून जगभर जातं. मला मात्र त्यातली वेगळीच गोष्ट भावली. किल्नमधून बाहेर पडणाऱ्या गरम वायूंची उष्णता इथे नुसती हवेत सोडून देत नाहीत. तिच्यावर पाणी तापवतात आणि ते जमिनीखालच्या नळांतून शहरातल्या घरांना पुरवतात. सत्तर-ऐंशी अंशांचं पाणी येतं, रेडिएटरमधून (भिंतीलगतच्या पोकळ धातूच्या पट्ट्यांतून) फिरतं, खोली गरम करतं आणि निवून परत जातं. सिमेंटच्या उष्णतेवर शहरातली हजारो घरं हिवाळा काढतात.

हे मी बाबांना सांगितलं तेव्हा त्यांनी लगेच विचारलं, "मग उन्हाळ्यात काय करतात त्या उष्णतेचं?" चाळीस वर्षं भट्टीजवळ काढलेला माणूसच हा प्रश्न विचारणार. उन्हाळ्यातही अंघोळीला, भांड्यांना गरम पाणी लागतंच, पण मागणी खूप उतरते, आणि सगळी आखणी त्या चढउतारावर करावी लागते.

१९७३ चं तेलसंकट आलं तेव्हा डेन्मार्कची नव्वद टक्क्यांहून अधिक ऊर्जा आयात केलेल्या तेलावर चालत होती. त्या धक्क्यातून १९७९ चा उष्णतापुरवठा कायदा आला. आज देशातल्या जवळपास दोनतृतीयांश घरांना अशी सामाईक नळाची उष्णता मिळते. ती विकताना नफा घ्यायचा नाही, जेवढा खर्च तेवढाच दर लावायचा, असा नियम आहे. मला हा नियम नळांइतकाच महत्त्वाचा वाटतो. शेजाऱ्यांनी एकमेकांवर भरवसा ठेवून पुढच्या तीस-चाळीस वर्षांचा करार करायचा असेल, तर हिशेब उघडा असावाच लागतो.

आता शिकण्याबद्दल. ऑल्बोर्ग विद्यापीठ १९७४ साली सुरू झालं ते प्रकल्पावर आधारलेली पद्धत घेऊनच. सेमिस्टरचा साधारण अर्धा वेळ एका गटाने एकाच प्रश्नावर काम करायचं. प्रश्नही गटानेच शोधायचा. बैठकीत दर वेळी एकजण सूत्रं सांभाळतो, कोणाला बोलायला मिळालं नाही हे पाहणं त्याचं काम. प्राध्यापकांना नावाने हाक मारायची. "सर" न म्हणता एखाद्याचं म्हणणं खोडून काढणं ही माझ्यासाठी खरी शिकवणी होती, कारण आमच्याकडे थोरांसमोर गप्प राहणं हीच नम्रता. इथे गप्प राहिलं तर गट थांबतो आणि पाच जणांचं काम अडतं. म्हणून मी बोलू लागले.

आमचा प्रकल्प एका जुन्या इमारतीतल्या परतीच्या पाण्यावर होता. घरातून परत जाणारं पाणी जितकं थंड तितकं चांगलं. ते थंड परतलं तर तेवढीच उष्णता कमी पाण्यात पोचते, पंपांना कमी वीज लागते आणि कारखान्याच्या वायूंमधूनही जास्त उष्णता काढून घेता येते. या इमारतीतून पाणी फारच गरम परतत होतं. आम्ही नळ मोजले, झडपा तपासल्या, गणितं मांडली. मुख्य कारण साधं निघालं. बरेच रहिवासी बैठकीच्या खोलीतला एकच रेडिएटर पूर्ण उघडत आणि बाकीचे बंद ठेवत. त्यांना वाटे, यात बचत आहे. प्रत्यक्षात एकाच रेडिएटरमधून पाणी जोरात धावतं, त्याला उष्णता सोडायला वेळच मिळत नाही. सगळे रेडिएटर थोडे थोडे उघडे ठेवले तर तेच पाणी संथपणे, जास्त पृष्ठभागावरून जातं आणि निवून परततं.

हे अहवालात लिहायला अर्धं पान पुरलं. पण अहवाल वाचून कोणी झडप फिरवत नाही. म्हणून आम्ही रहिवाशांची बैठक ठेवली आणि समजावायचं काम गटाने माझ्याकडे दिलं. पहिल्या रांगेत एक वयस्क आजी बसल्या होत्या. त्या ठामपणे म्हणाल्या, "माझा रेडिएटर वर गरम आणि खाली गार असतो. तो बिघडलाय. आधी तो दुरुस्त करा." सभेतल्या बऱ्याच माना हलल्या. माझ्या हातात आलेखांच्या स्लाइड तयार होत्या. त्या बाजूला ठेवून मी खोलीतल्याच रेडिएटरजवळ गेले आणि आजींना हात लावून बघायला बोलावलं. वरून आलेलं पाणी खाली पोचेपर्यंत आपली ऊब खोलीला देऊन टाकतं, म्हणून खालचा भाग गार लागतो. तो गार आहे म्हणजे तुम्ही पैसे दिलेली उष्णता घरातच राहिली. खालचा भागही चटका बसेल इतका तापला असेल, तर ती उष्णता तुमच्या घरातून तशीच परत चालली आहे.

आजींनी दोन्ही ठिकाणी हात लावून पाहिला, मग शेजारणीला डॅनिशमध्ये तेच समजावून सांगितलं. माझ्यापेक्षा कमी शब्दांत. पुढच्या आठवड्यांत परतीच्या पाण्याचं तापमान उतरलं, आणि कुठलंही यंत्र बदलावं लागलं नाही. पर्यावरणाचं काम म्हणजे नवी यंत्रं, नवं तंत्रज्ञान असं मी धरून आले होते. ते लागतंच. पण या इमारतीत कार्बन वाचला तो लोकांशी नीट बोलण्याने.

सेमिस्टरच्या शेवटी परीक्षाही गटाचीच होते. सगळ्यांनी मिळून सादरीकरण करायचं, मग बाहेरचा परीक्षक आणि मार्गदर्शक एकेकाला प्रश्न विचारतात. (काही वर्षं इथल्या सरकारने गटपरीक्षेवर बंदी घातली होती, पुढे ती उठली.) व्याख्या कोणी विचारत नाही. हा आकडा इथे का घेतला, तो चुकीचा असेल तर निष्कर्ष किती बदलेल, असं विचारतात. अशा प्रश्नाला पाठांतराने उत्तर देता येत नाही.

या सगळ्यातून मी सिमेंटकडे नव्याने पाहू लागले. जगातल्या कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनात सिमेंटचा वाटा सात-आठ टक्के धरतात. त्यातला मोठा भाग कोळशाचा नसून दगडाचाच. एक टन शुद्ध चुनखडी भाजली की ४४० किलो कार्बन डायऑक्साइड सुटतो, भट्टी कशावरही चालवा. म्हणून क्लिंकर, म्हणजे चुनखडी भाजून होणारे आणि दळले की सिमेंट बनणारे खडे, कमी वापरणं हाच मोठा उपाय. क्लिंकर सुमारे १४५० अंशांवर तयार होतं. त्याचा बराचसा भाग बदलून सातशे-आठशे अंशांवर भाजलेली चिकणमाती आणि कच्ची चुनखडी घालता येते. स्वित्झर्लंड, क्यूबा आणि आपल्या दिल्ली व मद्रास आयआयटीच्या संशोधकांनी यावर मिळून काम केलं आहे, आणि इथला कारखाना त्याच धर्तीचं सिमेंट विकतो.

माझा प्रबंध मात्र उष्णतेवर असेल. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांच्या पुढे जाणाऱ्या चंद्रपूर जिल्ह्यात घरं तापवायला कोणी उष्णता विकत घेणार नाही. काही कारखाने तिच्यापासून वीज बनवतात. उष्णतेवर चालणारी थंडाव्याची यंत्रंही असतात, पुण्यातली थरमॅक्स कंपनी ती बनवते. मग किल्नच्या उष्णतेवर गडचांदूरजवळ एखादं दवाखान्याचं वातानुकूलन किंवा भाजीपाल्याचं शीतगृह चालेल का? आणि ती उष्णता घेणारा भरवशाचा शेजारी कोण? हे मला तपासायचं आहे.

सुट्टीत घरी आले की बाबांच्या जुन्या सहकाऱ्यांबरोबर बसायचं ठरवलं आहे. प्रश्नांची यादी बाबांना आधीच पाठवली: प्रीहीटरनंतर (किल्नच्या वायूंनी कच्चा माल आधीच तापवणाऱ्या मनोऱ्यानंतर) वायू किती तापलेला असतो, त्यातला किती कच्चा माल (तो दळणाऱ्या रॉ मिलमध्ये) आणि कोळसा सुकवण्यात आधीच खर्च होतो. ती वाचून त्यांनी फोन केला. "रॉ मिल बंद असते तेव्हाचा आकडा वेगळा येतो, पोरी. तोही विचार. आणि हे रात्रपाळीवाल्यांना विचार, ऑफिसातल्यांना नको."