तुम्ही विचारलंत म्हणून : ओव्या भिंतीवर का?

आमच्या गावात येणारे पाहुणे घरांच्या भिंतींवरच्या ओव्या वाचतात, फोटो काढतात आणि चहा होईपर्यंत एक प्रश्न हमखास विचारतात. 'एवढं गोळा केलंत, मग पुस्तक का नाही काढलं? भिंतीवरचं किती टिकणार?' विचारणारे पुष्कळ आहेत, म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

पुस्तकाशी आमचं वैर नाही. हेमा रायरकर आणि गी पॉइटवाँ यांनी १९८० च्या दशकापासून महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या टिपून घेतल्या. त्यात आमच्या मुळशी तालुक्यातल्या बायकाही आहेत. आज त्यातल्या कितीतरी ओव्या 'परी'च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) संकेतस्थळावर घरबसल्या ऐकता येतात. ते काम झालं नसतं तर त्या बायकांचं म्हणणं त्यांच्याबरोबरच गेलं असतं. संग्रह करायचा तर तसाच करावा. आम्हाला मात्र ओवी आळीत परत यायला हवी होती.

ओवी मुळात आळीचीच. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लास' ग्रंथात, महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात, असा उल्लेख आहे. म्हणजे नऊशे वर्षांपूर्वीही ती कामाला जोडलेली होती. मग विजेची गिरणी आली. बायकांच्या खांद्यावरचं ओझं उतरलं, आणि त्याबद्दल मला काडीचीही हळहळ नाही. पहाटे तीनला उठून घरच्या सगळ्या माणसांचं दळण ओढणं काय असतं, ते माझ्या आईच्या तळहातांवर मी पाहिलं आहे. पण दळण गेलं तसं गाणंही गेलं. उरलं ते लग्नातल्या हळदीपुरतं, जात्याला हळकुंड-सुपारी बांधतात तेवढ्या वेळेपुरतं.

भिंतीवर ओव्या लिहायचं काम सुरू झालं तेव्हा म्हाताऱ्या बायकांच्या घरी वही घेऊन कुणी गेलं नाही. 'आजी, ओवी सांगा' म्हटलं की आजी म्हणतात, 'आता कुठली आठवतीया?' ते खोटं नसतं. ओवी सांगायची नसते, ती दळता दळता येते. म्हणून एका गोठ्यात मातीखाली पडलेलं जातं काढलं, धुतलं, खुंटा नवा ठोकला आणि देवळाच्या ओसरीवर मांडलं. समोरासमोर दोन आजी बसल्या. एकीच्या हातावर दुसरीचा हात. जात्याच्या तोंडात तांदळाचा घास पडला, वरची तळी घरघरली आणि दोन-चार फेऱ्यांत पहिलीच्या ओठांवर ओवी आली. घास घालायला हात सुटला की गळाही थांबायचा. हात परत खुंट्यावर आला की ओळ जिथे तुटली तिथूनच पुढे. दुसरी आजी शेवटचा शब्द उचलून धरायची. ज्या बाईने पाच मिनिटांपूर्वी 'काहीच आठवत नाही' म्हटलं होतं, ती दळण सरलं तरी थांबेना.

त्या दिवशी आलेली एक ओवी अशी:

जात्या रं ईसवरा, तुला सांगते मनातलं
कुणाला सांगू बाई, दुख भरल्या घरातलं

ही ओवी ज्या घराची, त्याच घराच्या दर्शनी भिंतीवर ती लिहायची की नाही, यावर गावात बरंच बोलणं झालं. आजींच्या मुलाला ते बरं वाटेना, आणि त्याचं मला चूक वाटत नाही. घरचं दुःख रस्त्यावर मांडल्यासारखंच ते. शेवटी आजींनाच विचारलं. त्या म्हणाल्या, 'लिव्हा की. जात्याला सांगितलं तवाच समद्या आळीनं ऐकलं हुतं.'

माझ्या मते पाहुण्यांच्या प्रश्नाचं खरं उत्तर हेच. जातं हे निमित्त. पहाटेच्या शांततेत भिंतीपलीकडच्या जावेला, शेजारणीला, झोपेचं सोंग घेतलेल्या सासूला ऐकू जावं म्हणूनच ते जात्याला सांगितलं जायचं. तोंडावर बोलता येत नव्हतं ते असं बोललं जायचं. पुस्तकात ती ओवी कुणा अनोळखी वाचकासमोर जाते. भिंतीवर ती पुन्हा त्याच आळीसमोर येते, त्याच माणसांना रोज पाणी भरायला जाता-येता दिसते. आजींची सून आता ती ओवी मोठ्याने म्हणते, सासूसमोर.

राहिला टिकण्याचा प्रश्न. ऑइलपेंटने लिहा, असं सांगणारे खूप भेटले. एकांनी तर डबे देऊ केले. आम्ही नम्रपणे नको म्हटलं. आमच्याकडे भिंत शेणामातीने सारवतात, त्यावर बाभळीचा डिंक घालून भिजवलेला गेरू आणि वर चुन्याने अक्षरं. बांबूची काडी टोकाला ठेचली की चांगला कुंचला होतो. सिमेंटच्या भिंतीवर गेरूचे पोपडे धरतात, म्हणून तिथे आधी चुन्याचा हात द्यावा लागतो. मुळशीचा पाऊस तुम्हाला माहीत असेलच. पागोळ्यांच्या बाजूची भिंत आषाढातच धुऊन निघते, आडोशाची श्रावण काढते. दसऱ्याच्या आधी घरं सारवायची वेळ येते तेव्हा बहुतेक ओव्या गेलेल्या असतात.

आणि मग प्रत्येक घरी कुणाला तरी विचारावं लागतं, इथे काय होतं? फोटोत पाहून लिहायचं नाही, हा आमचा एकच कडक नियम. आजी असतील तर त्यांना जात्यावर बसवायचं, नसतील तर ज्याला पाठ असेल त्याने गाऊन दाखवायचं आणि मुलींनी ऐकून लिहायचं. एखादी ओळ बदलते. बदलू द्यायची. शाळेतली मुलं 'दुख'चं 'दुःख' करायला धावतात, तेवढं मात्र आम्ही अडवतो. आजींच्या तोंडी जसं आहे तसं भिंतीवर. ऑइलपेंट लावला असता तर हे विचारणं एका वर्षातच संपलं असतं.

दोन भिंती आम्ही मुद्दाम कोऱ्या ठेवल्या आहेत, नव्या ओव्यांसाठी. गेल्या खेपेला तिथे एक ओवी आली ती एसटीवर. शेवटची गाडी चुकली की कॉलेजच्या मुलींची जी धांदल होते, तिची. चालीत चोख बसली होती.

तुमच्या गावात असं काही करायचं असेल तर आधी रंग विकत आणू नका. जातं शोधा. परसात, गोठ्यात, न्हाणीच्या दगडांत कुठेतरी असतंच. छिन्नीने जात्याच्या दगडाला टाकी लावणारं कुणी मिळालं तर त्याच्याकडून ते टाकवून घ्या, नाहीतर दाणा भरडला जात नाही आणि फिरवणाऱ्या हाताला लय सापडत नाही. मग घरातल्या सगळ्यात थोरल्या बाईला बसवा आणि समोर दुसरी बाई हवीच. एकटीला बसवू नका.