नवा पी पफर खात नाही तेव्हा

ड्वार्फ पफर किंवा पी पफर हा इवलासा मासा घरी आणला, दोन दिवस झाले, तरी फ्लेक्सकडे, म्हणजे कोरड्या खाण्याच्या पापुद्र्यांकडे, ढुंकूनही बघत नाही. पेलेट्स, म्हणजे खाण्याच्या कोरड्या गोळ्या, टाकले तर तळाशी पडून फुगतात. मग कुणी म्हणतं हट्टी आहे, भूक लागली की खाईल. हा सल्ला कृपया ऐकू नका. अडीच-तीन सेंटीमीटरच्या या जिवाकडे उपाशी राहण्याएवढा साठा अंगात नसतो, आणि कितीही भूक लागली तरी पेलेट हे अन्न आहे हे त्याला कळत नाही. जे हलतं तेच त्याच्या लेखी खाणं.

याचं कारण त्याच्या मूळ घरात आहे. समुद्रातल्या केंड माशाचं हे गोड्या पाण्यातलं इवलंसं भावंड केरळच्या पंबा आणि आसपासच्या नद्यांमधलं. होरा आणि नायर यांनी १९४१ मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन केलं, travancoricus या त्याच्या शास्त्रीय नावातही त्रावणकोर आहे. तिथे तो पाणवनस्पतींत फिरून किडे, अळ्या, बारीक कवचधारी जीव आणि गोगलगायी टिपतो. विकायला येणारे बरेच पफर आजही नदीतून पकडलेलेच असतात. म्हणजे तुमच्या टँकमध्ये आलेल्या माशानं कदाचित आयुष्यात कधी कोरडं खाणं पाहिलेलंच नसतं.

खाण्याआधी पाणी तपासा. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य हवेत, तापमान २४ ते २८ अंश. मीठ घालू नका, हा मासा पूर्णपणे गोड्या पाण्याचा आहे. नवीन, सायकल न झालेल्या (अमोनिया पचवणारे जिवाणू अजून न वाढलेल्या) टँकमध्ये पफर न खाण्याचं कारण नव्वद टक्के वेळा भूक नसून पाणीच असतं, असं मी बेधडक म्हणेन. झाडं दाट हवीत, जावा मॉसचे गुच्छ, लपायला आडोसा. फिल्टरचा प्रवाह मंद हवा, स्पंज फिल्टर उत्तम. उघड्या टँकमध्ये हा मासा गडद पडतो, शेपूट मिटून कोपऱ्यात थांबतो किंवा काचेवर वरखाली पोहत राहतो. अशा अवस्थेत समोर काहीही ठेवा, खाणार नाही.

पहिल्या दिवशी दिवा बंद, खाणं बंद. दुसऱ्या दिवशी जिवंत खाणं द्यायचं, आणि पहिली पसंती डासांच्या अळ्यांना. त्या पृष्ठभागाखाली वळवळतात, हवेसाठी वर येतात, पुन्हा खाली जातात. पफरला यापेक्षा मोठं आमिष नाही. दर माशामागे तीन-चार अळ्या पुरे. झाकण लावा आणि दोन-तीन हात लांब बसा, कारण काचेजवळचा मोठा चेहरा त्याला शिकार विसरायला लावतो.

खाण्याआधी तो काय करतो ते एकदा नीट बघा. आधी डोळा वळतो, एक इकडे, दुसरा तिकडे, मग दोन्ही अळीवर येऊन थांबतात. शेपूट किंचित वाकते, अंग तिरकं होतं, आणि अळीपासून एक सेंटीमीटरवर तो हवेत टांगल्यासारखा स्थिर होतो. मग एकदम ओढून घेतो. एवढं दिसलं की अर्धी काळजी मिटली. तोंडात घेऊन पुन्हा थुंकत असेल तर घास मोठा आहे किंवा नकोसा आहे, लहान अळ्या द्या.

अळ्या घरीच होतात. पाण्याची बादली बाहेर उघडी ठेवा, पण दर दोन-तीन दिवसांनी गाळा, कारण साधारण आठवड्याभरात त्यांचे डास होतात. गटारातल्या अळ्या कधीही आणू नका. तळ्यातून आणल्यात तर चतुराची पिल्लं त्यात नाहीत ना ते बघा, ती पफरलाच खातील. अळ्या नसतील तर डॅफ्निया, म्हणजे पाण्यातले पिसवेसारखे बारीक जीव, चालतील. अगदी लहान पिल्लांना ब्राइन श्रिम्प या खाऱ्या पाण्यातल्या बारीक कोळंबीसारख्या जिवाची ताजी उबवलेली पिल्लं द्या: लिटरभर पाण्यात २५ ग्रॅम मीठ, २६ ते २८ अंश, सतत हवा, २४ ते ३६ तासांत तयार. बारीक कापडातून गाळून गोड्या पाण्यात धुऊनच टाका.

गोगलगायींवर वेगळं बोलायला हवं. रॅम्सहॉर्न आणि ब्लॅडर स्नेल या जातींच्या, तीन ते पाच मिलिमीटरच्या गोगलगायीच योग्य. पफर गोगलगायीच्या मिशा बाहेर येण्याची वाट बघतो आणि मऊ भाग ओढून काढतो, दुसऱ्या दिवशी तळाला रिकामे शंख दिसतात. मलेशियन ट्रम्पेट स्नेल मात्र देऊ नका, त्यांचं कवच फार कडक, त्यावर पफरचे चोचीसारखे दात तुटू शकतात.

आता गोठवलेल्या ब्लडवर्मकडे, म्हणजे दुकानात क्यूबमध्ये मिळणाऱ्या लाल अळ्यांकडे, वळायचं, पण मासा रोज बिनधास्त खायला लागल्यावरच, साधारण दुसऱ्या आठवड्यात. पूर्ण क्यूब कधीच टाकू नका. चाकूनं एक चिमूट खरवडा, टँकच्याच पाण्यात वाटीत वितळवा, जाळीतून गाळा, लाल पाणी फेकून द्या. मग ड्रॉपरनं जिवंत अळ्यांबरोबर एक-दोन ब्लडवर्म सोडा. ड्रॉपरचा फुगा हलका दाबत राहिलं की ब्लडवर्म पाण्यात नाचतो आणि मेलेलं खाणंही जिवंत वाटतं. लांब चिमट्यानं हलवलं तरी चालतं. दर दोन-तीन दिवसांनी जिवंत खाणं थोडं कमी करा. तासाभरात जे उरेल ते त्याच ड्रॉपरनं काढून टाका, कारण या माशांना खराब पाणी सहन होत नाही.

एकाहून अधिक पफर असतील तर धीट मासा सगळं पळवतो आणि भित्रा झाडांमागे खंगतो. टँकच्या तीन-चार जागी एकाच वेळी खाणं सोडा आणि पोटं बघा, माशांची संख्या नाही. वरून पाहिलं तर पोट किंचित फुगीर हवं.

खातो, तरीही पोट आत जातंय, विष्ठा पांढरी आणि दोऱ्यासारखी? मग आतड्यात जंत असण्याची शंका घ्या, नदीतून आलेल्या माशांत हे नेहमीचं. वेगळ्या टँकमध्ये ठेवा, फिल्टरमधला कार्बन आणि गोगलगायी बाहेर काढा. लेव्हामिसोल हायड्रोक्लोराइड हे जंतांचं औषध लिटरला २ मिलिग्रॅम, म्हणजे ४० लिटरला ८० मिलिग्रॅम. पाकिटावर औषधाचं प्रमाण किती आहे ते पाहून हिशोब करा आणि मिलिग्रॅमच्या काट्यावरच मोजा. दिवे बंद ठेवून २४ तास, मग तळ सायफननं नीट ओढून निम्म्याहून जास्त पाणी बदला. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा एकदा. अशा खंगलेल्या माशाला दिवसातून तीन-चार वेळा थोडं थोडं द्या, एकदाच पोटभर नाही. धडधाकट मोठ्याला दिवसातून एक-दोन वेळा पुरे.

ब्लडवर्म सुरळीत झाले तरी गोगलगायी आठवड्यातून दोनदा चालूच ठेवा, कारण पफरचे चोचीसारखे दात वाढतच राहतात आणि कवचावर घासून ते झिजतात. पाच लिटरची बरणी, थोडं मॉस आणि उकडलेल्या काकडीची चकती एवढ्यावर त्या भराभर वाढतात. चकती दुसऱ्या दिवशी काढून टाका. आणि बरणीतल्या सगळ्यात मोठ्या चार-पाच गोगलगायींना हात लावू नका, अंडी त्याच घालतात.