उभं राहून मोजलेलं बीपी

१२ मे, जळगाव

पारा ४४ च्या वर. या दिवसांत कुणी उठता उठता कोसळलं की घरचे एकच म्हणतात, ऊन लागलं. बहुतेकदा ते खरंही असतं. पण माणूस रोज सकाळी अंथरुणातून उठतानाच पडत असेल, तळपायांना मुंग्या येत असतील, जुलाब-बद्धकोष्ठ आलटून पालटून चालू असेल आणि त्याचे वडील किंवा काकाही असेच पडत असतील, तर उन्हावर ढकलून चालत नाही.

उभं राहताच अर्धा ते पाऊण लिटर रक्त पोटात आणि पायांत उतरतं. एरवी मज्जातंतू काही सेकंदांत रक्तवाहिन्या आवळतात आणि आपल्याला कळतही नाही. ट्रान्सथायरेटिन अमायलॉइडोसिससारख्या आनुवंशिक आजारात, मुख्यतः यकृतात तयार होणारं एक सदोष प्रथिन याच बारीक तंतूंवर साचत जातं. मग आवळण्याचा निरोपच पोहोचत नाही.

बीपी बसवून मोजतात, तिथेच हे निसटतं. पाच मिनिटं आडवं झोपवून मोजा. मग उभं करा, पहिल्या आणि तिसऱ्या मिनिटाला पुन्हा मोजा, हात छातीच्या पातळीवर धरून. शेजारी धरायला कुणीतरी हवंच. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला, की दोष पकडला. नाडीही लिहा. अंगातलं पाणी कमी झालं असेल तर नाडी चांगलीच पळते. तंतू निकामी असतील तर बीपी ३० ने उतरूनही ती जेमतेम पाच-दहाने वाढते. माझ्या मते सगळ्या तपासण्यांत ही सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त राहून जाणारी.

सलाईन लावलं की चार तास बरं वाटतं, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. दोष तंतूंत आहे.

सकाळची वेळ सर्वांत वाईट. उठण्याआधी खाटेवर बसूनच माठातलं अर्धा लिटर साधं पाणी पाच मिनिटांत प्यावं; त्याचा परिणाम तासभर टिकतो. मग पाय खाली सोडून दोन मिनिटं टाचा वरखाली करायच्या, आणि नंतरच उभं राहायचं. पोटाचा पट्टा आडवं असतानाच बांधायचा, झोपताना सोडायचा. लांब घट्ट मोजे पुस्तकात ठीक, मे महिन्यात इथे ते कुणी घालत नाही; आणि रक्त पोटातच जास्त साचतं.

रात्री उलटा घोळ होतो. आडवं झाल्यावर बीपी चढतं, किडनी जास्त लघवी बाहेर टाकते, सकाळी अंगात पाणी उरत नाही. म्हणून खाटेच्या उशागतच्या दोन्ही पायांखाली दोन-दोन विटा, साधारण सहा इंच. दोन उशा घेऊन भागत नाही, त्याने फक्त मान वाकते. अख्खी खाट उतरती हवी. लघवीला रात्री बसूनच. झोपेतलं चढलेलं बीपी पाहून कुणी बीपीची गोळी सुरू केली, तर सकाळी माणूस हमखास पडतो. प्रोस्टेटच्या काही गोळ्याही हेच करतात. गोळ्या स्वतःहून बंद करू नयेत, पण डॉक्टरांसमोर सगळी पाकिटं ठेवावीत. बीपी चढवणारं मिडोड्रिन दिलं असेल तर दिवसातली शेवटची गोळी झोपण्याच्या किमान चार तास आधी.

मीठ वाढवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. या आजारात हृदयातही तेच प्रथिन साचतं, म्हणून हृदय तपासल्याशिवाय मीठ वाढवू नये.

पोटभर जेवणानंतर तासाभरात बीपी पुन्हा उतरतं. भरीत-भाकरी खावी, पण थोडी-थोडी, चार वेळा. अंघोळ कोमट पाण्याने, स्टुलावर बसून. घामाचे तंतूही गेलेले असतात, म्हणून दुपारी ओला पंचा मानेवर हवा. अंग कोरडं आणि तापलेलं दिसलं तर वाट पाहू नये.

प्रथिनाचा हा जनुकीय दोष प्रत्येक मुलाकडे जाण्याची शक्यता ५० टक्के. मागच्या पिढीत कोण कोण ‘अशक्तपणानं’ गेलं, कुणाचे पाय बधिर होते, हे आजीला विचारून वहीत लिहून ठेवावं, आणि बीपीच्या आकड्यांसोबत तीच वही न्यूरॉलॉजिस्टकडे, म्हणजे मज्जातंतूंच्या डॉक्टरांकडे, न्यावी.