बल्ब नाही हो, वायर खात होती उजेड

जुनी बाईक वापरणाऱ्या प्रत्येकाला हा अनुभव असणार, रात्री लाईट लावली तरी खाली वाकून बघावं लागतं की नक्की लागलीये का. माझी तशीच. पिवळसर मिणमिणता दिवा, इंडिकेटर दिला की त्याच्या तालावर हेडलाईटपण डोलायची. मग जे सगळे करतात तेच मी केलं, ३५ वॉटचा बल्ब काढून ६०/५५ वॉटचा हॅलोजन ठोकला. दोन-तीन दिवस बरं वाटलं आणि एका रात्री डोममधून (हेडलाईटच्या वाटीतून) जळका वास. उघडून बघतो तर होल्डरचं प्लास्टिक तपकिरी होऊन एका बाजूने वितळलेलं, बल्ब त्यातून निघेचना.

तेव्हा कुठे मल्टीमीटर बाहेर काढला, जो खरं तर पहिल्याच दिवशी काढायला हवा होता. नवीन होल्डर, परत ३५ वॉटचा बल्ब, इंजिन चालू, लाईट चालू. बॅटरीवर १३.८ व्होल्ट आणि बल्बच्या पिनांवर ११.२! मग एक प्रोब बॅटरीच्या प्लसला आणि दुसरा बल्बच्या प्लसला लावला, १.७ आले, म्हणजे एवढे नुसते वाटेत गळतायत. तसंच मायनसला मायनस केलं तर ०.९. ही चाचणी लाईट चालू ठेवूनच करायची, बंद असताना करंटच वाहत नाही तर गळती काय दिसणार.

अडीच व्होल्टने काय होतंय असं वाटेल, पण फिलामेंटच्या बल्बचं गणित सरळ नसतं, उजेड साधारण व्होल्टेजच्या ३.४ घाताने बदलतो, म्हणजे १३.८ चे ११.२ झाले की उजेड निम्म्यावर येतो. आणि मी त्यावर मोठा बल्ब लावून जास्त करंट ओढत होतो, म्हणजे गळती अजून वाढणार आणि वायर तापणार. शहाणपणाच!

गळती कुठे ते शोधायला टाकी उतरवून वायरिंग उघडलं. सगळा करंट बॅटरीकडून इग्निशन स्वीचला, तिथून हँडलवरच्या लाईट स्वीचला, मग अप्पर-डिप्परला आणि मग बल्बला, आणि मध्ये कपलरच कपलर (वायरी जोडणारे प्लग). एक ओढून काढला तर आत हिरवी भुकटी, पितळेची पिन नखाने खरवडली तर सालपटं निघाली. मायनसची तर गंमतच, डोमच्या बोल्टवरून चॅसीला अर्थ (म्हणजे मायनसची परतीची वाट गाडीच्या सांगाड्यातून) आणि त्या बोल्टखाली कोणीतरी मस्त रंग मारलेला.

उपाय तसा जुनाच, रिले, म्हणजे किरकोळ करंटवर चालणारा आणि मोठा करंट चालू-बंद करणारा स्वीच. अप्परला एक, डिप्परला एक. बॅटरीच्या प्लसवरून २.५ स्क्वेअर एमएमची वायर, बॅटरीजवळच १० अँपचा फ्यूज (जवळच, कारण फ्यूजच्या अलीकडे वायर घासून शॉर्ट झाली तर फ्यूज काय करणार), तिथून दोन्ही रिलेच्या ३० नंबरच्या पिनला (रिलेच्या पिनांना नंबर असतात). ८७ वरून बल्बला. जुन्या अप्पर-डिप्परच्या वायरी आता फक्त ८६ वर, ८५ अर्थला, या दोन पिना रिलेच्या कॉईलच्या. त्यामुळे हँडलच्या स्वीचमधून बल्बचा करंट जातच नाही, रिलेच्या कॉईलपुरता किरकोळ जातो. आणि बल्बच्या मायनसला वेगळी जाड वायर थेट बॅटरीपर्यंत. जोड सगळे थिंबल (वायरच्या टोकाला बसणारा धातूचा तुकडा) क्रिंप करून म्हणजे दाबून, वर हीट श्रिंक स्लीव्ह (गरम केली की आवळणारी नळी), पीळ मारून टेप गुंडाळणं माझ्याकडून आधी झालंय, आता नाही.

एक मात्र आधी तपासा. बऱ्याच जुन्या गाड्यांत हेडलाईट बॅटरीवर नसतेच, थेट मॅग्नेटच्या कॉईलवरून एसी येतो, रेस कमी केली की लाईट मंद होते ती हीच. त्यावर साधा रिले नुसता फडफडत बसेल. तिथे आधी डीसी कन्व्हर्जन करावं लागतं, म्हणजे लाईट बॅटरीवर घ्यावी लागते, तो वेगळा खटाटोप आहे. आणि मॅग्नेटच्या कॉईलची ताकद ठरलेली असते, ती न बघता मोठा बल्ब लावला तर बॅटरी हळूहळू बसते. एलईडी बल्ब टाक असं मलाही दहा जणांनी सांगितलं, पण रिफ्लेक्टर फिलामेंटच्या जागेप्रमाणे बनलेला असतो, एलईडीचा बिंदू तिथे बसला नाही की उजेड समोरच्याच्या डोळ्यात आणि रस्त्यावर अंधार.

सगळं बसवलं, बल्बवर १३.४. त्याच ३५ वॉटच्या बल्बने भिंत पांढरी झाली. खुशीत हँडल डावीकडे पूर्ण वळवलं तर लाईट गुल, नवीन वायर मी नेमकी आखूड घेतली होती, मानेपाशी ताणून थिंबलमधून निसटली. परत उघडा. आता दोन्हीकडे वळवून, ढिल्ला वळसा ठेवूनच बांधलीये.

आणि उजेड वाढल्यावर कळलं की दिवा इतकी वर्षं झाडांच्या शेंड्यांकडे बघत होता. मंद होता म्हणून कोणी शिव्या दिल्या नाहीत एवढंच. मग मी गाडीवर बसलो, कारण माणूस बसला की मागचा सस्पेन्शन दबतो आणि दिवा वर बघतो, आणि धाकट्या भावाला खडू देऊन भिंतीशी उभा केला. डिप्परची वरची कड दिव्याच्या मध्यापेक्षा थोडी खाली येईपर्यंत बोल्ट ढिला-घट्ट, ढिला-घट्ट. भिंतीवर अजून सहा रेघा आहेत, पुसायला कोणी तयार नाही.