सोन्याचा फाळ

पुण्यभूषण पुरस्काराचा सोहळा म्हणजे आमच्या घरी सणच. बाबांचा इस्त्रीचा झब्बा आदल्या रात्रीच दाराला टांगलेला असायचा आणि दुपारच्या चहापासूनच ‘निघायचं ना?’ सुरू व्हायचं. पुढच्या रांगा पाहुण्यांच्या, त्यामुळे आम्ही हटकून आठवी-नववी गाठायचो.

भाषणांचं फारसं आठवत नाही. ‘दोनच शब्द बोलतो’ म्हणून माइकपाशी आलेल्याने कधी दोन शब्दांवर भागवलंय? सीमेवर जखमी झालेल्या जवानांचा सत्कार सुरू झाला की मात्र कुजबुज थांबायची. माझी नजर टेबलावरच्या स्मृतिचिन्हावर. सोन्याच्या फाळाने पुण्याची भूमी नांगरणारे बालशिवाजी आणि सोबत पुण्याची ग्रामदैवतं. एक लाखाच्या धनादेशापेक्षा मला तो इवलासा फाळ मोठा वाटायचा. दिवे पडले की नेमका तोच चमकायचा.

ते उचललं जाताच बाबा कानाशी वाकत. “आदिलशहाच्या सरदारानं, मुरार जगदेवानं गाढवाचा नांगर फिरवला होता इथं. पहार ठोकली होती. गाव ओस पडलं. मग जिजाऊ आल्या, शिवबांच्या हातून सोन्याचा नांगर फिरवला.” दरवर्षी हेच, याच क्षणी, याच शब्दांत. मला पाठ होतं, तरी मी “मग?” म्हणायचे.

1989 साली पहिला मान पंडित भीमसेन जोशींना मिळाला. पुढे गायक, उद्योजक, शास्त्रज्ञ असे कितीतरी जण आले. बाबासाहेब पुरंदरे, डॉ. गो. बं. देगलूरकर ही इतिहासातली माणसंही त्यात आली. देगलूरकरांचा सन्मान मला विशेष भावला. दगडातल्या मूर्ती वाचण्यात ज्यांचा जन्म गेला, त्यांच्या हाती पुण्याने मूर्तीच ठेवावी! बाबा असते तर खूश झाले असते.

मध्यंतरी लेकीला घेऊन गेले होते. तिने मोठ्याने विचारलं, “आई, फाळ खरंच सोन्याचा आहे?” मी तिच्या कानाशी वाकून सगळं सांगितलं, गाढवाचा नांगर, ओस पडलेलं गाव, जिजाऊ. पुढच्या रांगेतले एक आजोबा मागे वळले. आता हे गप्प बसवणार, अशी माझी खात्री.

“पहार राहिली,” ते म्हणाले.