कार्नेगी हॉलला जाण्याआधी गावातच काय पक्कं व्हायला हवं

न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये अमेरिकेतल्या हायस्कूलचा कॉयर (गायकवृंद) गाणार, असं कळलं की पालकांना वाटतं एकटी शाळाच गाणार. बहुतेकदा तसं नसतं. आयोजक संस्था अनेक शाळांची मुलं एकत्र आणते. कंडक्टर पाहुणा आणि ऑर्केस्ट्राही तिचाच. खर्च सहसा पालकांच्या खिशातून. काही महिने आपापल्या गावी बसवायचं, मग न्यूयॉर्कला दोन-तीन दिवस हॉटेलच्या हॉलमध्ये एकत्र तालीम. रंगमंचावर ऑर्केस्ट्रासोबत गायला मिळतं ते बहुधा एकदाच, कार्यक्रमाच्याच दिवशी. त्यामुळे जे बिघडतं ते गाण्यापेक्षा सांध्यात, म्हणजे सगळ्यांना एकत्र जोडताना बिघडतं.

उदाहरणाला इटालियन संगीतकार विवाल्डीचा ‘ग्लोरिया’ घेऊ, कॉयर आणि ऑर्केस्ट्रासाठीची लॅटिन स्तुतिरचना. १२ भाग, साधारण अर्धा तास. सगळ्या शाळांकडे एकाच प्रकाशकाची स्वरलिपीची प्रत हवी. नाहीतर कंडक्टर ‘पान २३’ म्हणतो आणि अर्धी मुलं भलत्याच ठिकाणी पोचतात. पेन्सिलीने प्रत्येक भागातल्या मापांना (स्वरलिपीत उभ्या रेषांनी पाडलेल्या घरांना) क्रमांक घालून ठेवावेत.

खरी परीक्षा दुसऱ्या भागात, ‘एत इन तेर्रा पाक्स’मध्ये. लय संथ, स्वर लांब, चाल अर्ध्या-अर्ध्या स्वरांनी सरकणारी. उतरताना अर्धा स्वर जरा जास्त खाली गेला, की चार ओळींत अख्खा कॉयर मूळ सुरापासून खाली उतरतो. पियानो सतत साथीला असेल तर हे लक्षातच येत नाही. म्हणून पियानोशिवाय गावं आणि प्रत्येक तुकड्याच्या शेवटी एकच स्वर वाजवून तपासावा. श्वास शेजाऱ्यासोबत घ्यायचा नाही, मापाच्या रेषेवर तर नाहीच, म्हणजे लांब स्वर मधे तुटत नाही.

उच्चारही आधीच ठरवून घ्यावेत. लॅटिन इटालियन वळणाचं, म्हणजे ‘excelsis’चा उच्चार ‘एक्शेल्सिस’. ‘पाक्स’मधला शेवटचा ‘क्स’ कुठल्या मात्रेवर, तेही प्रतीत लिहावं. दोनशे गळ्यांनी तो आपापल्या सवडीने म्हटला तर नुसता फुसकारा ऐकू येतो.

शेवटच्या ‘कुम सांक्तो स्पिरितु’च्या फ्यूगमध्ये (एकच धून वेगवेगळे आवाज एकामागून एक उचलतात, त्या रचनेत) अडचण वेगळी. मागच्या रांगेतून ऑर्केस्ट्रा १५ मीटर दूर असेल, तर तिथला आवाज पोचायला सुमारे ४५ मिलिसेकंद लागतात. ऐकून गाणारा मागे पडतो, आणि त्याचा आवाज पुढे पोचेपर्यंत आणखी तेवढाच उशीर. नजर कंडक्टरच्या हातावर हवी, म्हणजे निदान अवघड पानं तरी पाठ हवीत.

घरी हिंदुस्थानी गाणं शिकणाऱ्या आपल्या मुलांना एक सूचना: स्वर मींडेने गाठायचा नाही, थेट लावायचा. एरवी गुण असलेली ही सवय इथे चाळीस सोप्रानोंत (सगळ्यात उंच आवाजाच्या मुलींत) लगेच उघडी पडते. सुराचा कान मात्र याच मुलांचा तयार असतो.

टेनर, म्हणजे उंच पुरुषी आवाज, कमी पडतात, हे जवळपास प्रत्येक शाळेचं दुखणं. खालचा आवाज असलेल्या दोन-तीन आल्टोंनी (सोप्रानोंखालच्या आवाजाच्या मुलींनी) तिथे मदत करावी.

आणि उभं राहण्याचा सराव. गुडघे ताठ आवळून दिव्यांखाली तासभर उभं राहिलं की मुलं भोवळ येऊन कोसळू शकतात. गुडघे सैल, जेवण दोन तास आधी, पाणी दिवसभर थोडं थोडं. नवे बूट असतील तर दोन तालमी तेच घालून, उभ्यानेच कराव्यात.