दहा रुपयांचं सोनं

"आपटा न्हाय बाळा, कांचन हाय ह्यो." राजवाड्यासमोर काल सोन्याची जुडी हातात देताना मावशी सहज म्हणाल्या. "आपटा डोंगरात हुडकाय लागतो. गिऱ्हाइकाला काय, पान जोडाचं दिसलं की झालं."

घरी येऊन निरखून पाहिलं. खरंच की! आपट्याचं पान लहान, जाडसर. हे चांगलं तळहाताएवढं. म्हणजे इतकी वर्षं मी नक्की काय लुटत होतो?

संध्याकाळी शेजारच्या काकूंकडे गेलो. त्यांनी कुंडीतल्या आपट्याच्या रोपाचं एकच पान हातावर ठेवलं. "एकच हं, अजून लहान आहे ते."

आज सकाळी घंटागाडीत आमचं दोन पिशव्या सोनं गेलं. काकूंचं पान तेवढं पाकिटात आहे.

तुमच्याकडे आलेलं कुठलं होतं? बघा तरी एकदा.